स्वखुशीने दहा रुपये

योगराज रहांगडाले सकाळी चहाला बसले, तेव्हा त्यांच्या पत्नी निशाबाईंनी कपाशेजारी पेट्रोलची रिकामी कॅन आणून ठेवली. बिस्किटं ठेवायची त्याच जागी.

"परवाच भरली होती ना? आपल्या बांधीवर तुमी एकडाव गेले. बाकीचं पेट्रोल कोनं पेलं?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. गाव आणि तलावापलीकडची वस्ती, म्हणजे टोला, यांच्यामधला रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आषाढातल्या पुरात वाहून गेला होता. सडकेनं फेरा नऊ किलोमीटरचा, तलावातून दहा मिनिटांचा. आणि तलावात मोटर लावलेला डोंगा एकच, योगराजांचा. सहकारी सोसायटीतून गटसचिव म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो हौसेनं घेतला होता. पलीकडं एकरभर धानाची बांधी आहे, हे निमित्त. पण त्यांनी मोटरला हात लावला रे लावला की काठावर कुठून कुठून माणसं उगवत. "भाऊ, पलीकडं जाऊन राहिले का?" असं विचारत आणि उत्तराआधी बसत. कोणी सायकल घेऊन, कोणी बकरी घेऊन. मुन्नालाल किराणावाल्यानं तर एकदा आपलं अर्धं दुकानच पार करून घेतलं, आणि वर "जरा धीरे चलाओ" असंही बजावलं.

"त पैसे मांगा ना त्यायले," निशाबाई म्हणाल्या.

"मांगू कसा? लोक म्हनतील, पणज्यानं तलाव बांधला अन् पणतू पान्यावर किराया लावून राहिला."

हे मात्र खरं होतं. पणज्यानं तलाव बांधला, या एका गोष्टीवर रहांगडाल्यांच्या चार पिढ्या गावात मान वर करून चालल्या होत्या. योगराजांकडे त्या मानाखेरीज फारसं काही उरलेलं नव्हतं, म्हणून ते तो फार जपत.

मार्ग काढला डिंपलनं. ही त्यांची मुलगी, गोंदियात वकिली शिकत होती. फोनवर म्हणाली, "बाबा, किराया बिलकुल नका घेऊ. घरचा डोंगा आहे, परमिट नाही, इन्शुरन्स नाही. उद्या काही झालं त लफडा होईल. पेट्रोलचा खर्चा वाटून घ्या. तोही स्वखुशीनं."

स्वखुशी हा शब्द योगराजांना फार आवडला. त्यात पैसेही होते आणि अब्रूही होती. त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला खाच पाडली आणि सोसायटीच्या दप्तरात घटवलेल्या सुबक अक्षरात वर रंगवलं, 'पेट्रोल वर्गणी. स्वखुशीने.' आठवड्यानं डबा उघडला तर आत दोन सुपाऱ्या, शर्टाचं एक बटन आणि एक रुपया निघाला. गावाची खुशी एवढीच होती. मग त्यांनी खाली 'दहा रुपये' असं जोडलं. तरी लोक वाचून नजर पाण्याकडे वळवत. शेवटी ते स्वतःच डबा फिरवू लागले, आणि डबा सगळ्यांपुढून जाऊन येईपर्यंत मोटर सुरू होईना. खुशी आपोआप वाढली. पंधरा दिवसांत भिडस्त योगराज चांगलेच कडक झाले.

त्या सोमवारी बांधीत धानाची रोपं लावायची होती. निशाबाईंनी सांगितलं, "आज आपला रोवणा हाये. परे काल ट्रॅक्टरनं फेऱ्यानं पोचवले. बाया सांगून ठेवल्या मी. तुमी लवकर निंगा."

"कुठच्या बाया?" एवढं जरी त्यांनी विचारलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण बाया टोल्यातल्याच असणार असं धरून ते कॅनमध्ये पेट्रोल ओतत होते आणि एक थेंबही सांडू द्यायचा नव्हता.

काठावर आठ बाया उभ्या होत्या, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, हातात डबे. पुढे सत्तरीच्या जमुनाबाई. योगराज लहानपणी त्यांच्या कडेवर खेळलेले, त्यांना काकी म्हणत.

"चाल बाबू, तुईच वाट पाहून राहिलो," म्हणत त्या चढल्या. बाकीच्याही बसल्या. योगराजांनी डबा पुढे केला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"आमाले बी?" टीना नावाच्या तरुण बाईनं विचारलं.

"नियम सर्व्यायले सारखा. मी घरच्या मानसाले बी सोडत नाही!"

खुळखुळ आवाज होत डबा सरकला. जमुनाबाईंनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. आत विसाची एकुलती एक नोट होती.

"सुट्टे नाही काकी," योगराज म्हणाले. "उरलेले परतीचे पकडून ठेवतो."

मग मोटर सुरू झाली. लोकांना फुकटाची कशी सवय लागली आहे, यावर योगराज पलीकडचा काठ येईपर्यंत बोलले. बाया मुकाट्यानं माना हलवत होत्या.

उतरून ते आपल्या बांधीकडे निघाले. बायाही मागोमाग. मोहाच्या झाडापाशी ते वळले, बायाही वळल्या. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर योगराजांनी बाजूला होऊन वाट दिली. "कोनाच्या बांधीत जाऊन राहिल्या, काकी?"

"कोनाच्या म्हंजे? तुयाच. निशाबाईनं सांगतलं ना, मालक सोता डोंग्यानं नेतील म्हनून."

रोवण्याला बाया ज्यानं बोलावल्या त्यानंच त्यांना न्यायचं आणि आणायचं, ट्रॅक्टरनं, ऑटोनं, कशानंही. हा इथला रिवाज पोरासोरांनाही ठाऊक. आपल्याच बांधीत राबायला निघालेल्या बायांकडून वाटखर्च उकळणारा मालक या भागात आजवर जन्मला नव्हता. तो आज सकाळी साडेसात वाजता जन्मला.

"मंग... मंग पैसे कायले देल्ले?"

"तूच म्हनला, घरच्या मानसाले बी सोडत नाही," जमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमाले वाटलं, आमी घरच्याच."

योगराजांनी धुऱ्यावरच बसून डब्याचं झाकण उचकटायला घेतलं. "काकी, घ्या हे. सर्व्या घ्या. चूक झाली माही."

"ना बापा! वर्गणी होय ते. गणपतीची वर्गणी कोनी वापस घेते काय?"

"पन हे गणपतीची नाही ना!"

"त कायची होय?"

योगराज डब्यावरची आपलीच सुबक अक्षरं पुन्हा वाचू लागले.

"वर्गणी घेतली त पंगत द्या लागते," टीना म्हणाली आणि बाया खदखदा हसल्या. जमुनाबाई चिखलात उतरता उतरता थांबल्या. "बाबू, तुया पणज्यानं तलाव बांधला, हे खरं. पन मातीच्या टोपल्या आमच्या बुढ्यायनं वायल्या. त्यायच्यापुढं कोनं डबा नाही फिरवला."

दिवसभर योगराज मोहाच्या झाडामागं बसून राहिले. बांधीतून हसू आलं की ते आपल्यावरच आहे अशी त्यांची खात्री होई, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असे. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. बायांनी मात्र रोवणा एका ओळीत, देखणा उरकला. त्याचीही लाज वाटली. संध्याकाळी परतताना डबा पोत्याखाली दडपलेला होता.

"माह्ये परतीचे जमा हायेत, ध्यानात हाये ना?" जमुनाबाईंनी चढताना आठवण दिली.

घरी निशाबाई दारातच उभ्या होत्या. "डिंपलचा फोन आला होता. गोंदियात समजलं."

रविवारी तलावाच्या पाळीवर पंगत झाली. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. आठ बायांनाच सांगितलं होतं, पण वर्गणी तर सगळ्यांनीच दिलेली. गाव आलं, टोला आला, सुपाऱ्या टाकणारेही आले. बटनवाल्यानं दोनदा बुंदी मागून घेतली. योगराज खाली मान घालून वाढत राहिले. सगळे उठल्यावर बायांनी त्यांना बळेच बसवलं आणि पुढ्यात पत्रावळ मांडली.

जमुनाबाई आल्या. एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात तो डबा.

"स्वखुशीनं," त्या म्हणाल्या.

योगराजांनी खिसा चाचपला. विसाची एकच नोट निघाली. ती त्यांनी खाचेतून आत सोडली आणि हात तसाच पुढे ठेवला.

"सुट्टे नाही बाबू," जमुनाबाई म्हणाल्या. "उरलेले पुढच्या सालच्या पंगतीले पकडून ठेवू."

आणि त्यांनी पत्रावळीवर भात वाढला.