डावीकडून लाल, उजवीकडून हिरवं

हेल्मेटच्या मधोमध चिकटवलेली पांढरी पट्टी कपाळापाशी बरोबर मध्यावर होती. मानेपर्यंत जाता जाता मात्र ती नखभर डावीकडे सरकली होती. म्हणजे उजवीकडच्या हिरव्या अर्ध्याला नखभर जागा जास्त मिळाली होती आणि डावीकडच्या लाल अर्ध्याला तेवढीच कमी. जगात इतरत्र कुठे हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. हार्लो गावात मात्र एवढ्यावरून सोयरीक मोडली असती!

व्हर्नन स्टोल्त्सने पट्टी सोलून काढली आणि पुन्हा, श्वास रोखून, सरळ चिकटवली.

"झालं!" तो बायकोला म्हणाला. "उद्या हा वाद कायमचा मिटला म्हणून समज."

"तो कसा काय?" अर्डिसने विचारलं.

"सगळे जण दोन्ही रंग एकाच डोक्यावर बघतील. शांतपणे तुलना करतील. मग आपलं आपणच ठरवतील. शास्त्रीय पद्धत आहे ही!"

"व्हर्न, आपल्या लोकांना शांतपणे सँडविचसुद्धा खाता येत नाही. तू सरळ रंग सांगून का टाकत नाहीस?"

व्हर्ननला अचानक पट्टी पुन्हा तपासून बघावीशी वाटली.

नदीच्या अलीकडे हार्लो, पलीकडे ट्रेसविल. हार्लोच्या शाळेचा रंग लाल, ट्रेसविलचा हिरवा. दर शरद ऋतूत दोन्ही गावं अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हेल्मेट घालून हाताने चेंडू फेकायच्या खेळाच्या, मैदानावर एकमेकांची हाडं मोजायची. आजोबांनी मोजली, बापांनी मोजली. मग मुलंच कमी झाली आणि सरकारने दोन्ही शाळांची एक शाळा केली. नाव ठरलं, मुख्याध्यापक ठरले, हेल्मेट अडलं! जर्सी पांढरी करायला सगळे तयार झाले, पण हेल्मेटही पांढरं म्हटल्यावर "पोरं दुधाच्या बाटल्या दिसतील" अशी हरकत आली. लाल-हिरवं एकत्र? "समोरचे आपल्याला नाताळचं झाड म्हणतील!" एवढ्या एकाच मुद्द्यावर दोन्ही गावांचं एकमत होतं.

शाळेच्या समितीत दोन्हीकडची मतं समसमान पडली. निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे व्हर्ननचं. त्याचं खिळे-हातोड्यांचं दुकान होतं, कोणाशी वैर नव्हतं, म्हणूनच त्याला अध्यक्ष केलं होतं. पण त्याची आई हेझल हार्लोची, तीही कडवी, आणि बायको ट्रेसविलची! एप्रिलपासून तो ज्याला त्याला एकच उत्तर देत होता, "विचार चालू आहे." आता ऑगस्ट संपत आला होता. कारखान्याने कळवलं होतं की शनिवारी संध्याकाळपर्यंत रंग सांगा, नाहीतर हेल्मेटं ऑक्टोबरमध्ये. तोवर पोरांनी दोन्ही शाळांची जुनी, जी डोक्याला बसतील ती घालायची. म्हणजे नाताळच!

शनिवारी सरावाचा सामना होता. एकाच संघाचे दोन भाग करून खेळायचं होतं. नमुन्याचं हेल्मेट व्हर्ननने कोडी रायमरला घालायला दिलं. कोडी मूळचा ट्रेसविलचा, चेंडू फेकण्यात पटाईत.

व्हर्ननने पट्टी मोजली होती, दोन्ही रंग मोजले होते. माणसं मोजायची राहिली होती. हार्लोची मंडळी सवयीने पश्चिमेच्या पायऱ्यांवर बसली, ट्रेसविलची पूर्वेच्या. कोडीची बाजू उत्तरेकडे तोंड करून खेळत होती. त्यामुळे पश्चिमेला दिसत होतं लालभडक हेल्मेट आणि पूर्वेला हिरवंगार! मधूनच मान वळली की दुसऱ्या रंगाची झाक दिसायची, पण खूश झालेला माणूस झाक बघत नाही.

"शाब्बास माझ्या वाघा!" हेझल उभी राहून कोडीला ओरडली. मग ती पायऱ्या उतरून थेट व्हर्ननपाशी आली. "मला ठाऊक होतं! शेवटी आईचा शब्द राखलास!"

"आई, ते अर्धंच..."

"अर्धं का? पूर्ण राखलास!" असं म्हणून तिने त्याच्या उघड्या तोंडात पीचच्या केकचा मोठा तुकडा कोंबला.

तो गिळेपर्यंत अर्डिसचा भाऊ ड्वेन येऊन पाठीवर थाप मारून गेला. सामन्याचं वर्णन करायचा माइक त्याच्याकडे होता. "मानलं, दाजी! आईसमोर हिरवं करायचं म्हणजे वाघाचं काळीज लागतं!"

व्हर्ननने ओठांवरचा चुरा पुसला. उभ्या आयुष्यात दोन्ही गावं एकाच वेळी त्याच्यावर कधी खूश झाली नव्हती. थोडा वेळ अनुभवायला काय हरकत आहे?

पहिला डाव संपला. आणि नियमाप्रमाणे खेळाडूंनी मैदानाच्या बाजू बदलल्या.

कोडी आता दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला.

दोन्ही पायऱ्यांवर पॉपकॉर्नचे हात तोंडाशीच थांबले. मग भडका उडाला!

"दगा! दगा!" पश्चिम ओरडली.

"आमचाच पोरगा आणि लाल?" पूर्व किंचाळली. "हार्लोचा चमचा!"

"चालता हो रे, ट्रेसविलच्या भामट्या!" हा आवाज हेझलचा. तिचा वाघ दहा मिनिटांत भामटा झाला होता!

त्या गोंधळात कोडीने चेंडू फेकला. लांब, गोल फिरत, हवेत जणू आखलेल्या रेषेवरून गेला तो, आणि धावत्या पोराच्या हातात अलगद उतरला. गुण मिळाला. दोन्हीकडून हुर्यो झाली. टाळ्या एकाच माणसाने वाजवल्या. पूर्वेच्या पायऱ्यांवर, हिरव्या स्वेटरमध्ये, लाल हेल्मेटाकडे तोंड करून अर्डिस उभी होती.

कोडी हेल्मेट काढून व्हर्ननपाशी आला. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"काका, पास चुकला का माझा?"

"नाही रे बाबा. पास एक नंबर होता."

"मग ओरडतायत कशाला?"

व्हर्ननने ड्वेनच्या हातातून माइक घेतला. ड्वेन कानात पुटपुटला, "दाजी, बहिणीचा विचार करा हं!" पलीकडून हेझल गरजली, "बोल, व्हर्नन! आईची लाज राख!"

त्याच्या मनात आलं, एप्रिलपासून प्रत्येकाने त्याला रंग सांगितला होता. आईने रोज, मेव्हण्याने दर रविवारी, गिऱ्हाइकांनी दर खिळ्यामागे. फक्त अर्डिस एकदाही "हिरवं" म्हणाली नव्हती, आणि आत्ता लाल हेल्मेटासाठीही टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या.

"लोकहो," तो म्हणाला. माइक खरखरला. "या पोरावर ओरडू नका. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. पाच महिने मी विचार करत नव्हतो, नुसता घाबरत होतो."

"कोणाला?" कोणीतरी विचारलं.

व्हर्ननने पश्चिमेच्या पायऱ्यांकडे, आईकडे बघितलं.

"हिरवं," तो म्हणाला. मग पुरेसं ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाला, "हेल्मेट हिरवं! आई, हिरवं!"