लिंबराज सरांचं डेबियन

लिंबराज सरांनी मला त्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दिला तेव्हा एकच अट घातली होती : "अपडेटला हात लावू नका." मी लावला. ते गावात नसताना, कुणालाही न विचारता लावला, आणि वर मोठा पराक्रम केल्यासारखा हसत घरी आलो. ही चूक नीट सांगायची तर आधी सर सांगावे लागतील. एरवी तुम्ही म्हणाल, एका अपडेटचं एवढं काय.

सर कळंबला आमच्याच ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. मी भूगोल. घरंही शेजारीशेजारी. सर म्हणजे पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि नव्या गोष्टीबद्दल फौजदाराला असावा तेवढा संशय. नवे प्राचार्य रुजू झाले त्या दिवशी सगळा स्टाफ हार घेऊन उभा होता आणि सर माझ्या कानाशी लागले होते, "नवीन व्हर्जन हाय. सहा महिने लांबून नमस्कार करायचा. बग बाहेर येऊ द्या."

भूमला जायचं असलं की स्टँडवरची नवी कोरी एसटी सोडून मागची खिळखिळी गाडी धरतात. मी एकदा वैतागलो तर म्हणाले, "हिचे समदे बग मला पाठ हायत. ही खिडकी लागत न्हाय, दुसऱ्या गिअरला आचका देतीय. नव्या गाडीत काय बिघडलंय ते कळूस्तवर भूम येतंय." माझ्या पुतणीला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मी त्यांचा सल्ला विचारला. मुलानं तीन वर्षांत चार कंपन्या बदलल्या होत्या. सरांनी चष्मा पुसला. "पोरगं रोलिंग हाय. स्टेबल बघा."

ही सगळी भाषा लिनक्सची. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी यंत्रणा. तिचे शेकडो प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. कुणी दर दोन-तीन वर्षांनी पारखून नवी आवृत्ती काढतो, ते स्टेबल; कुणी रोज नवं देतो, ते रोलिंग. आणि बग म्हणजे त्यांतले दोष. संध्याकाळी चाँदभाईच्या हॉटेलात आमचा यावरून वाद चाले, आणि बाजाराला आलेली शेतकरी मंडळी तो कुस्ती बघावी तसा बघत. त्यांतल्या एकानं एकदा विचारलं, "सर, हे डिस्ट्रो म्हंजे काय ओ?"

"सोयाबीन पेरताव न्हवं? पीक एकच, वाण निराळे. तसं."

"मग तुमचं वाण कंचं?"

"डेबियन. उशिरा येतंय, पण शेंग फुटत न्हाय."

"आन् ह्या सरांचं?"

"आर्च. लई लवकर येतंय. काढणीला जावं तर शेंगा रिकाम्या आन् दाणे रानात."

हॉटेल हसलं. चाँदभाईनं माझ्यापुढं चहा ठेवत सांत्वन केलं, "जाने दो सर, कल तुम्हारा वाण जीतेगा."

मला लिनक्सची दीक्षा सरांनीच दिली होती. मग मी पंथ बदलला. मला रोज नवं लागतं. सकाळी उठल्यावर अपडेट आलंय का बघतो, मग चूळ भरतो. एकदा घाईघाईत मी अर्धवट अपडेट केलं आणि माझं वाय-फायच गेलं. दोन दिवस मी सरांना मोबाईलची रेंज नाही असं सांगत होतो. खोटं होतं ते. पण सरांपुढं हरणं मला जमत नव्हतं.

"तुमच्याकडं बग नाहीत असं थोडंच आहे?" मी विचारायचो. "उलट जुना बग दोन-दोन वर्षं तसाच."

"तसाच ऱ्हातोय म्हणून तर बरं. स्टेबल म्हंजे बग नसलेलं न्हवं. स्टेबल म्हंजे बग ओळखीचे असलेलं."

"अहो, पण नवीन काही नकोच का माणसाला?"

"चालतंय न्हवं? मग हात लावू नका."

मार्चात बोर्डाच्या परीक्षेच्या कामाला सर आठवडाभर भूमला गेले. जाताना पासवर्ड मला दिला. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, घरी एकट्याच राहणार होत्या. त्या पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. साखरेमुळं दिसायला कमी झालं म्हणून नोकरी लवकर सोडली होती. किती कमी झालंय हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या चहाचा कप बरोबर हातात आणून देत, त्यामुळं विचारायचं सुचलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी वहिनींनी कुंपणाशी येऊन हाक मारली. "भावजी, कॉम्प्युटरचा आवाज बारीक झालाय. बघताव का जरा?"

आवाज एका मिनिटात मोठा झाला. मग माझी नजर आवृत्तीवर गेली. तीन आवृत्त्या जुनं डेबियन! माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळून आलं. आपण हे नवं करायचं, आठवडाभर सुरळीत चालू द्यायचं, आणि सर आले की चाँदभाईच्या हॉटेलात चारचौघांत विचारायचं, काय सर, फुटली का शेंग?

मोबाईलच्या इंटरनेटवर, एक-एक आवृत्ती चढत, सगळी दुपार गेली. तो कॉम्प्युटर सारखा बडबडत असे. पडद्यावर जे येईल ते पत्र्यावर खडे टाकल्यासारख्या आवाजात वाचे. मला वाटायचं, हाही सरांचा एक छंद. त्या बडबडीचा त्रास झाला म्हणून मी आधी ती बंद केली, आणि शेवटी उपकार म्हणून तिला नवा, मऊ आवाज बसवला. एकही चूक आली नाही. पडदा असा देखणा झाला की मीच बघत राहिलो.

"काय मोडलं न्हाय न्हवं?" वहिनींनी विचारलं.

"मोडतंय कशाला? नवं कोरं केलंय."

मी त्याच संध्याकाळी हॉटेलात जाहीर करून टाकलं, सर हरले.

सर परत आले ते हॉटेलात आलेच नाहीत. एक दिवस गेला, दुसरा गेला. कॉलेजातही तास संपला की घर. शेतकरी मला विचारत, "काय ओ, तुमचे पैलवान कुठं गेले?" मी म्हणालो, "राग धरून बसलेत." असं म्हणताना मला बरं वाटत होतं, हेही कबूल करतो.

शेवटी रविवारी सकाळी मीच गेलो. दार उघडं होतं. आत सर कॉम्प्युटरपुढं बसले होते, डोळ्यांवर टॉवेल गच्च बांधून. चाचपत एकेक बटण दाबत होते, कान पुढं करून तो जुना खड्यांचा आवाज ऐकत होते, चुकलं की जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून. मला खरंच वाटलं, माणूस कामातून गेला.

"सर?"

त्यांनी टॉवेल काढला नाही. "या. खुर्ची हलवू नका. थांबा, पेपराचं पान लागतंय का बघू द्या."

मग सर सांगत गेले तसं मला कळत गेलं. वहिनींना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. दोन पेपर वाचल्याशिवाय चहा न घेणारी ती बाई. नजर जायला लागली तेव्हा सरांनी असाच टॉवेल बांधून महिनोन्‌महिने बटणं पाठ केली होती, आणि मग वहिनींच्या बोटांना शिकवली होती. कुठल्या बटणानंतर काय येतं हे त्या घरात दोघांनाही पाठ होतं, खुर्ची कुठं आहे तसं. वहिनी रोज पेपर ऐकत आणि सर भूमला असले की रात्री फोनवर त्यांना बातम्या सांगत. मी सगळं नवं करून ठेवल्यावर वहिनींच्या बोटाखाली काहीच जागेवर उरलं नव्हतं.

"चार रात्री फोनवर ही म्हणती, आज विशेष काय न्हाय," सर म्हणाले. "म्हटलं, जगात चार दिवस काहीच घडंना म्हंजे घरात कायतरी घडलंय."

"मला एक फोन करायचात ना, वहिनी," मी म्हणालो. खरं तर कुंपणापलीकडून नुसती हाक पुरली असती.

"तुम्ही एवढ्या आनंदानं सांगितलंत," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "म्हटलं, आपल्यालाच जमंना गेलंय. आपलंच डोस्कं म्हातारं झालंय."

मला बसायला जागा सुचेना.

"आन् एक सांगू का?" त्या पुढं म्हणाल्या. "नवा आवाज चांगला हाय. जोडाक्षरं गिळत न्हाय. ह्यांच्या ह्या जुन्याला अजून 'मुख्यमंत्री' म्हणता येत न्हाय."

"काय?" सरांनी टॉवेल वर केला. "मग सांगायचं न्हाय का! दोन दिवस झाले मी जुना बसवतोय!"

"तुम्ही दोघं रोज हॉटेलात बसून भांडताव, हे बरं का ते बरं. वापरते मी. मला विचारलं का कुणी?"

सरांनी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नवं बसवायचं ठरवलं, ते त्या मिनिटाला. फक्त आवाज बदलायचा, बटणं जुनीच. आणि पुढं काही बदलायचं तर वहिनींना विचारून, एका वेळी एक.

"आधी ह्यांना कळू द्या," म्हणत सरांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "बांधा. आन् पेपर उघडून दाखवा."

मी बांधला. अपडेट, टर्मिनलवर टाइप करायच्या आज्ञा, सगळं तोंडपाठ असलेला मी. मला त्या अंधारात एक पान उघडता येईना. बोटं भलतीकडंच जात होती, आवाज मला काहीतरी सांगत होता आणि ते कळायच्या आत पुढं जात होता. बाजूला सर हसू दाबत असावेत. घाम आला, मी हात मागं घेतले आणि टॉवेल न सोडताच म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

"मला काय सांगताव," सर म्हणाले. मी त्यांच्याकडंच तोंड करून बसलो होतो.

"इकडं, भावजी. मी इकडं हाय."

मी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "वहिनी, तुम्हाला न विचारता तुमचं घर हलवलं मी. माफ करा."