कोणत्या गावचा दगडू?

आमच्या शेजारचे हिलालआबा पाटील समोरच्या माणसाचं आडनाव पाटील आहे असं कळलं की आधी त्याला खुर्ची देतात आणि मग उठू देत नाहीत. विजेचं मीटर बघायला आलेला एक गृहस्थ सकाळी दहाला त्या खुर्चीत बसला तो साडेअकराला सुटला. तोवर त्याच्या पणजोबांचं नाव, कुलदैवत, देवक आणि आत्या कुठे कुठे दिल्या, हे सगळं आबांच्या वहीत उतरलं होतं. मीटर तेवढं बघायचं राहून गेलं.

जळगावात राहून हे व्यसन परवडणारं नाही. आमच्या कॉलनीत बावीस घरं आहेत आणि त्यातली चौदा पाटलांची. "पाटील हाई आडनाव नही भाऊ, गर्दी शे," असं आबाच म्हणतात, आणि पुन्हा त्याच गर्दीत घुसतात.

पाटील मीसुद्धा आहे. पण आम्ही फैजपूरकडचे, केळीवाले. आबा धुळ्याकडचे, बाजरी-कापसावाले. दोन्हीकडच्या सोयरिकी वेगळ्या, बोली वेगळी. त्यामुळे आम्ही राहायला आलो त्याच दिवशी आबांनी मला तपासून बाद केलं. "तुम्ही आमनामातला नहीत," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोच पुढे म्हणाले, "पण गाडी शे ना तुमनाकडे?"

तिथून माझे रविवार संपले.

आबांना शोधायचं होतं ते एकच गाव. त्यांचे आजोबा दगडू पाटील लहान असताना महामारीत आईबाप गेले, आणि कुणीतरी त्यांना मामाच्या गावी आणून सोडलं. तिथेच ते वाढले, तिथेच घर झालं. पण कुठून आणलं, हे सांगणारी माणसंही पुढे गेली. गावाने त्या घराला नाव ठेवलं 'भाचानं घर', आणि तीन पिढ्या झाल्या तरी ते बदललं नाही. सगळ्या गल्लीत एकमेकांचे भाऊबंद. या घराला कुणी नाही. आबांना आपलं एक घर हवं होतं. एकच.

आता दगडू हे नाव म्हणजे काय, ते खान्देशात सांगायला नको. ज्या बाईची मुलं जगत नसत ती पुढच्याचं नाव दगडू, धुडकू, उकिरडा असं काहीतरी ठेवायची, म्हणजे मरणाला त्याचा मोह पडू नये. त्या काळात मुलं कुणाची जगत होती? गावोगाव दगडूच दगडू. त्यात आजोबांनी मागे ठेवलेली खूण एकच: घरापुढे चिंच होती आणि मागे विहीर. मी म्हटलं, "आबा, पुढे चिंच नि मागे विहीर नसलेलं घर खान्देशात कुठे असेल तर ते आधी शोधू, लवकर सापडेल." आबांनी हे वहीत लिहून घेतलं की काय, अशी मला शंका आहे.

आबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. एका गल्लीतल्या तीन दगडू पाटलांची पत्रं नुसत्या अक्षरावरून ज्याची त्याला पोचवणारा माणूस. "कागदबिगर नातं नही," हे त्यांचं ब्रीद. पासष्टीत ते मोडी शिकले. तहसिलीत जाऊन जुन्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीच्या, नकला मागायचे आणि डोळ्याला भिंग लावून बसायचे. चाळीसगावच्या एका घराने तर त्यांना जेवायला बसवलं होतं. चिंच जुळली, विहीर जुळली, देवकही जुळलं. चौथा घास घेताना आबांनी विचारलं, "तुमना दगडूना बापनं नाव काय?" उत्तर चुकलं. आबांनी जेवण पुरं केलं, हात धुतले आणि मला म्हणाले, "चला, हाई नही." त्या घरच्या बाईंनी केलेलं भरीत मला अजून आठवतं. मला त्या घरचं होऊन राहायला काहीच अडचण नव्हती.

एका वर्षी त्यांनी वंशावळी वाचणारा भाट गाठला. तीन दिवस घरी ठेवून घेतला, पुरणपोळ्या खाऊ घातल्या. चौथ्या दिवशी भाटाने आपली लांबलचक वही उलगडली आणि विचारलं, "बोला, गाव कोणतं? गाव सांगा, सात पिढ्या सांगतो."

"गाव माहीत ऱ्हातं," आबा कडाडले, "तं तुमले तीन दिन पुरनपोया कसाले खावाडतू?"

मी चिडायचो. आपल्याला काय, आपण गाडी चालवणार, पण सत्तरीच्या माणसाने उन्हातान्हात फिरून मिळवायचं काय? एकदा साक्रीच्या रस्त्यावर टायर बसलं तेव्हा मी तसं विचारलंच. "आबा, सापडलं समजा घर. पुढे काय? वाटा मागणार आहात?"

आबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. म्हणाले, "मी गया तं कोन सुतक धरी?"

मी जॅक फिरवायला घेतला. त्याआधी दोन वर्षं काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, गेल्या तेव्हा मी होतो. क्रियेच्या वेळी भटजी म्हणाले होते, घरचे तेवढे पुढे या. मुलगी-जावई नाशिकहून आलेले, पण मुलगी दिल्या घरची. कॉलनीतले आम्ही पन्नास जण मागे उभे राहिलो, आणि आबा एकटेच पुढे गेले. पाय त्यांचे लटपटत होते, पण धरायला जावं तर आम्हाला सुतक नाही.

त्याच दिवशी, टायर बदलून आम्ही पुढे गेलो त्या गावात, घर सापडलं. पुढे चिंच, मागे विहीर, ते तर होतंच. पण घरात नव्वदीच्या सखूआक्का होत्या, आणि त्यांच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ दगडू लहानपणीच मामाकडे पाठवलेला, तो परत आलाच नव्हता. बापाचं नावही जुळलं, नथू. आक्कांना दिसत नव्हतं. त्यांनी आबांना जवळ बसवून तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कान आपलाच शेतस." सत्तरीच्या माणसाचे कान इतके लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर वर्षभर कॉलनीला दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही. आक्कांनी पापड पाठवले, आक्कांचा मुलगा वसंतभाऊ येऊन गेला, त्यांच्याकडच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र'मध्ये आबांचं नाव छापलं. ती पत्रिका आबांनी बाकीच्या तेरा पाटलांना दाखवली आणि उरलेल्या आठ घरांनाही दाखवली. मला तीन वेळा. माझे रविवार मात्र परत मिळाले.

पण खोड जाते थोडीच! घर सापडायच्या आधीच आबांनी त्या तालुक्यातल्या गावांच्या नकलांसाठी अर्ज करून ठेवले होते. एके दिवशी बोलावणं आलं. मीच घेऊन गेलो. आबांनी तहसिलीच्या पायरीवर बसून भिंग लावलं आणि वाचता वाचता थांबले. दगडू वल्द नथू पाटील. वय चार. ताप. मयत.

आक्कांच्या घरचा दगडू मामाकडे गेलाच नव्हता. तो त्याच गावात वारला होता. थोरल्या भावाने रडू नये म्हणून कुणीतरी त्याला मामाकडे पाठवल्याचं सांगितलं असेल, आणि घरात तेच चालत आलं. म्हणजे आबांचा दगडू दुसराच, कुठल्या गावचा ते पुन्हा देव जाणे.

परतीच्या वाटेवर आबांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली. मी म्हटलं, "कळवायला हवं त्यांना."

"सांगसू," आबा म्हणाले.

दोन महिने झाले, तरी 'सांगसू'च. मला राग यायचा. चाळीसगावकरांना चौथ्या घासाला बाद करणारा हा माणूस. आता स्वतःच्या वेळी कागद बंडीच्या खिशात घालून फिरतो! मी तसं तोंडावर बोललोही. आबांनी ऐकून घेतलं. ते ऐकून घेतात हे मला नवीन होतं.

मग आक्का गेल्या. फोन आबांना आला. मला वाटलं, आता संपलं, आता कशाला सांगतील? दहाव्याच्या दिवशी सकाळी आबा दारात आले. "चला. तुमनासमोर सांगनं शे."

नदीकाठी माणसं जमली होती. भाऊबंदांची रांग बसली होती, एका टोकाने न्हावी एकेकाचे केस उतरवत होता. आबा रांगेपासून दूर उभे राहिले. वसंतभाऊ त्यांना बोलवायला आला, तसा त्यांनी बंडीतून कागद काढला. डोळ्याला भिंग लावलं. नोंद वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, टपाल खात्यातल्या माणसाने तार वाचावी तशी. मग म्हणाले, "तुमना दगडू तो चार वरीसना व्हता तव्हयच गया. मी तुमना नही, वसंतभाऊ. दोन महिना व्हई ग्यात, माले माहीत व्हतं. तोंड उघडनं नही."

मी खाली बघत होतो. इतकी वर्षं या माणसाने माझं डोकं खाल्लं, पण त्या घटकेला मला वाटलं, नदी आटावी, कागद फाटावा, काहीही व्हावं, पण या म्हाताऱ्याला इथून एकट्याला परत न्यायला लागू नये.

वसंतभाऊने कागद हातात घेतला. मोडी त्याला कुठली येते? उलटासुलटा करून बघितला आणि माझ्याकडे दिला.

"आबा, दहा दिन सुतक धरं ना तुम्ही?"

धरलं होतं. मला माहीत होतं. दहा दिवस गोड नाही, गादी नाही, देवाला हात नाही. माझ्या घरी चहाला आले तरी ओट्यावरच बसायचे.

"धरं," आबा म्हणाले.

"मंग बसा लाइनमा. न्हावी खोयंबी ऱ्हायना."

फैजपूरला माझ्या भाऊबंदांची चाळीस घरं आहेत. मागल्या वर्षी चुलतकाका गेले तेव्हा परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी दहाव्याला गेलो नव्हतो. पेपर नव्हतेच. कुणी काही विचारलं नाही. चाळीस घरांत एक डोकं कमी पडलेलं कुणाला कळतं?

आबांनी टोपी आणि चष्मा माझ्या हातात दिला. रांगेतली दोन माणसं सरकली, मधे जागा झाली. आबा तिथे बसले आणि त्यांनी मान खाली घातली.