आभासी शाखा आणि सहा फुटी साहेब

आमची बँक आभासी जगात शाखा उघडणार आणि तिथला साहेब मीच होणार, हे मी अख्ख्या ऑफिसला सांगून मोकळा झालो होतो! उरली होती ती फक्त नियामक खात्याच्या तपासनीस बाईंची तपासणी.

सकाळी दहाला आभासी जग दाखवणारा तो जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अहाहा! आमच्या दोन खोल्यांच्या घरात संगमरवरी दालन उगवलं, खिडकीबाहेर ढग पिंजलेल्या कापसासारखे! स्वतःला मी सहा फूट उंची आणि कपाळावर रुळणारे दाट केस बहाल केले होते. एरवी माझ्या डोक्यावरून माशीसुद्धा घसरते!

बाई प्रकटल्या. "गिऱ्हाईक आलं की पहिलं काम?"

"ओळख पटवणं! चेहरा नोंदीशी जुळल्याशिवाय इथं 'या, बसा'सुद्धा म्हणायचं नाही, मॅडम!"

"छान. मग आधी तुमचाच जुळवू."

भिंतीवर लाल अक्षरं झळकली, 'तोतया!' चारही बाजूंनी गज उगवले आणि मी पिंजऱ्यातला पोपट!

"मॅडम, मीच आहे हो! केस तेवढे नवीन आहेत!"

"प्रत्येक तोतया हेच म्हणतो. नियमाप्रमाणे घरच्या माणसानं ओळखायला हवं."

त्यांनी फोन लावला. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या बायकोच्या मोबाईलवर माझं ते देखणं रूप उमटलं.

"ताई, हे तुमचे पती का?"

"छे हो! एवढं कुठलं माझं नशीब!"

"अगं, मी! आवाज तरी ओळख!"

"आवाजाची नक्कल कुणीही करतं, बँकवालेच रोज सांगतात. बरं, मला सांगा, गच्चीवर येताना मी दुधाखालचा गॅस बंद करायला सांगितला होता. केलात?"

"कुठला गॅस?"

"हेच! हेच माझे!" बायको हर्षानं ओरडली आणि लगेच जिन्यावरून धाडधाड खाली धावली.

गज विरघळले. मी टुणकन उडी मारली. "म्हणजे साहेबपद पक्कं ना, मॅडम?"

"शाखा मंजूर. तुमची ओळखही पटली, अगदी पूर्ण पटली! म्हणूनच साहेब दुसरा बघायला सांगते. दोन पावलांवर दूध करपतंय ते ज्याला कळत नाही, त्याच्या भरवशावर लोकांनी ठेवी ठेवायच्या?"

त्या खुर्चीत आता दुसराच कुणी बसतो. मी तीन दिवस पातेलं घासतोय. त्यात आभासी काही नाही हो, मनगटं खरीखुरी दुखतात!