हेडविगबाईंच्या बिअरचं कूळ

घरी बिअर करणाऱ्या नवशिक्यांना बिअरच्या प्रकारांचा शास्त्रशुद्ध परिचय व्हावा, या उदात्त हेतूने कोलोनमधल्या आमच्या मंडळाने नियम केला आहे: जिला प्रकार नाही, ती बिअर नाही. फिकट सोनेरी ती आपली क्योल्श. तांबूस ती आल्ट. ती शेजारच्या ड्युसेलडॉर्फची, आणि तिचं नाव निघालं की आम्ही चूळ भरतो. एवढं पाठ झालं की माणूस तज्ज्ञ होतो.

हेडविग प्यूत्झबाईंनी लेकीच्या लग्नासाठी पिंपभर बिअर केली. जव भाजताना जरा जास्त खरपूस झाले आणि बिअर तांबूस उतरली. लग्न मंडळाच्याच सभागृहात होतं, म्हणून आदल्या दिवशी अध्यक्षांसह तीन परीक्षकांची समिती तपासणीला आली.

"आल्ट!" अध्यक्ष एंगेलबेर्ट किंचाळले.

"अहो, चाखून तरी बघा. उद्या लग्न आहे माझ्या पोरीचं!"

"रंग दिसल्यावर निःपक्षपातीपणे चाखता येत नाही, बाई."

सबब तिन्ही परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधण्यात आल्या. आमच्याकडे पुरे झालं की ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवतात. तोवर वाढपी भरलेला ग्लास आणतच राहतो. चकती एकानेही ठेवली नाही. पिंप अर्ध्यावर आलं.

"अस्सल क्योल्श!" एंगेलबेर्टना गहिवरून आलं. "आजोबांच्या हातची चव हो!"

पट्ट्या सुटल्या. ग्लासाकडे पाहून तिघांची तोंडं कडू झाली. लगेच ठराव झाला: सदर चव ही परीक्षकांची फसवणूक असून त्यांच्या जिभा चौकशी होईतो निलंबित करण्यात येत आहेत.

"आत्ता आजोबा आठवले ना तुम्हाला?" हेडविगबाई कडाडल्या.

"आजोबांना मध्ये आणू नका. ते शुद्ध होते."

"मग माझा जावईही ड्युसेलडॉर्फचाच आहे. त्याचं काय करता?"

हे बोलायला नको होतं. समितीने एकमेकांकडे पाहिलं. पिंपच नव्हे, वऱ्हाडही तांबूस निघालं होतं. सभागृहाची परवानगी जागच्या जागी रद्द झाली. उरलेलं पिंप पुरावा म्हणून जप्त केलं आणि मंडळाने ते कर्तव्यबुद्धीने संपवलं. पोरीचं लग्न दुसऱ्या दिवशी अंगणात, कोरड्या घशाने लागलं.

हसा, खुशाल हसा. फक्त एक सांगा: तुमच्या लेकीने घरी येऊन एका मुलाचं नाव सांगितलं, तर तुम्ही आधी काय विचाराल? मुलगा कसा आहे, की आडनाव काय?