सामंतांचा एक्झॉस्ट वाल्व

आमचे शेजारी भालचंद्र सामंत कुणाकडेही गेले की बेल वाजवण्याआधी त्याच्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये बोट घालत. बोटाला लागलेली काजळी उजेडात धरून बघत, अंगठ्यावर चोळत, आणि मगच जिना चढत. यजमानाने दार उघडलं की त्याच्या "या, बसा"च्या आधी सामंतांचं निदान तयार असे. "काळं येतंय. पेट्रोल फुकट चाललंय तुमचं." किंवा चेहरा उजळून, "राखाडी आहे. सुखी आहात." त्यांच्याशी हात मिळवायला सहसा कुणी पुढे येत नसे.

माझ्या मेहुणीला बघायला एक मुलगा आमच्या घरी स्कूटरवरून आला होता. वर पोहे चालले होते, मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि खाली सामंत मुलाच्या सायलेन्सरपाशी उकिडवे बसले होते. पाहुणे गेल्यावर ते वर आले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा उतावळा नाही. गाडी तापवून मग काढतो. द्या बिनधास्त." सासऱ्यांनी दिली. मेहुणीचं छान चाललं आहे, आणि सामंत त्याचं सगळं श्रेय काजळीला देतात.

ही वाशीतली गोष्ट, नवं शहर नुकतं कुठे वसू लागलं होतं तेव्हाची. इमारती उभ्या होत्या, झाडं गुडघ्याएवढी होती आणि नळाला पाणी त्याच्या मर्जीने येत होतं. मी दादरच्या एका खोलीतून आलो होतो, सामंत परळहून. आमची दारं समोरासमोर, पहिल्या मजल्यावर. मी रोज बसने फोर्टात कारकुनी करायला जात असे. सामंत पावणे गावच्या पंपांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि आपल्या साडेतीनशे सीसीच्या जुन्या फटफटीवरून ठाणे-बेलापूर रस्त्याने जात. गडी मूळचा मालवणचा. रागावले की "मेल्या" म्हणत, पण ते बहुतेक वेळा नट-बोल्टला.

त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. "आत घ्यायला कुणालाही येतं हो, बाहेर सोडता आलं पाहिजे." सोसायटीची मीटिंग तापली की ते उठून खिडकी उघडत आणि हे वाक्य म्हणत. कुणाचं पोट बिघडलं तरी हेच. आमच्या चेअरमनसाहेबांच्या भाषणाविषयी मात्र त्यांचं मत असं की यांचा एक्झॉस्ट उत्तम आहे, आत काही जात नाही ही खरी अडचण.

आता एक्झॉस्ट म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. पण गिरणीशेजारी राहिलं की अंगावर पीठ उडतंच. इंजिनाच्या डोक्यावर धातूची एक टोपी असते, तिला हेड म्हणतात. हेडला दोन दारं. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळलेला धूर बाहेर पडतो. दार उघडतं-मिटतं ते झाकण म्हणजे वाल्व, आणि दारापलीकडचा बोळ म्हणजे पोर्ट. धुराचा बोळ अरुंद, खडबडीत असला की धूर आतच घुटमळतो, नव्या हवेला जागा मिळत नाही आणि इंजिन धापा टाकतं. सामंतांचं म्हणणं, त्यांच्या फटफटीचं दुखणं नेमकं हेच होतं.

दुखणं उठत असे एकाच ठिकाणी. बेलापूरच्या बाजूला एका टेकडीवर देवीचं लहानसं देऊळ होतं. खडीच्या खाणीवरच्या ट्रकांनी पाडलेला रस्ता वर जायचा. सामंतांच्या पत्नी शालिनीवहिनी अधूनमधून मंगळवारी तिथे ओटी भरायला जात. वहिनी सुगरण, हसऱ्या आणि अंगाने चांगल्या भरलेल्या. निम्म्या चढावर एक वळण होतं. तिथे फटफटी गुदमरून बंद पडायची, वहिनी उतरायच्या आणि पुढचा चढ पायी चढायच्या. पायथ्याशी नारळ विकणारा म्हात्रे दर वेळी आपल्या आगरी बोलीत सल्ला द्यायचा, "शेट, गारी दमतंय तुमची. काकूला हतंच उतरवा, मंजे गारीला बरा परंल."

एकदा त्या वळणावर वहिनी उतरत असताना खडीच्या ट्रकमधली माणसं त्यांच्याकडे बघून मोठ्याने हसली. सामंत घरी आले आणि कपडेसुद्धा न बदलता त्यांनी इंजिनाचं हेड काढून गॅलरीत पाटावर ठेवलं.

"हिला न उतरवता वर," ते मला म्हणाले. "बस्स. एवढंच पाहिजे."

ओझं जास्त आहे, हे वाक्य त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांच्या मते दोष पोर्टचा. मुळातलं ओतकामच खडबडीत, धूर तुंबतो, म्हणून चढ झेपत नाही, म्हणूनच दर थोड्या दिवसांनी एक्झॉस्टचा वाल्वही जळतो. जळके वाल्व त्यांनी खिडकीत ओळीने उभे करून ठेवले होते. वहिनी त्यांच्यावर ओली फडकी वाळत घालत.

मग सामंतांनी पोर्ट घासायला घेतला. आतल्या वळणापर्यंत कानस पोचेना, तेव्हा ते आमच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि तोंड न उघडता त्याच्या झिजलेल्या ड्रिलच्या सुया मागून आणल्या. त्या कारखान्यातल्या एका छोट्या मोटरला लावून गॅलरीत दिवसभर किर्रर्र चाले. समोरच्या इमारतीतल्या आजींना वाटे, सामंतांनी दवाखाना काढला. एकदा त्या कवळी दाखवायला येऊनही गेल्या.

धूर नीट वाहतो की नाही हे बघायला सामंत हेडपुढे टेबलफॅन ठेवत आणि पोर्टाच्या तोंडाशी उदबत्ती धरत. धुराची रेघ सरळ गेली की मान डोलवत, गिरकी घेतली की तिथे पेन्सिलने खूण करत. पाटावर हेड, पुढे उदबत्ती, समोर मांडी घालून डोळे बारीक केलेले सामंत. नव्या दूधवाल्याने हे बघितलं आणि चपला काढून हेडला नमस्कार केला. सामंतांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण खरी अडचण निराळीच होती. हेड बसवून गाडी चढावर तपासायची तर मागे वहिनींएवढं वजन हवं. वहिनींना वजन विचारणार कोण? सामंत एका रविवारी त्यांना म्हणाले, "जरा बस गं, स्प्रिंग कुरकुरतेय ती बघतो." वहिनी बसल्या. सामंतांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा गुपचूप काडेपेटीने मापून घेतली. मग वहिनी स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मला बसवलं. मी पडलो काडीपैलवान. मडगार्डला माझी दखलच नाही. मग माझ्या मांडीवर गव्हाची पिशवी आली, तिच्यावर आमच्या स्वयंपाकघरातला वरवंटा आला, तेव्हा कुठे काडेपेटी बरोबर बसली.

"जोगळेकर, हे हिला कळता कामा नये," सामंत म्हणाले.

अशा थाटात, वरवंटा पोटाशी धरून, मी त्या टेकडीवर किती वेळा गेलो असेन देव जाणे. एका संध्याकाळी आम्ही परत आलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भावोजी, वरवंटा आधी घरात द्या. तुमची बायको वाटणासाठी खोळंबलीय." आणि हसत आत गेल्या. सामंतांनी ते ऐकलं नाही, असं त्यांनी दाखवलं.

पोर्ट घासून थोडा फरक पडला, पण वळण काही सर होईना. तेव्हा सामंतांच्या डोक्यात मोठा वाल्व शिरला. बाहेर सोडता आलं पाहिजे ना, मग दारच मोठं करा. कारखान्यातल्या लेथवर त्यांनी एका ट्रकचा वाल्व कातून आणला, हेडमधली जागा कोरून तो बसवला, आणि पेढे आणले. पेढे आम्ही खाल्ले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दोन दारांमधली भिंत इतकी पातळ झाली होती की पहिल्याच चढावर ती तापून तडकली. वळण तर लांबच राहिलं, आम्ही म्हात्रेच्या नारळांपासून थोडेसेच वर गेलो होतो. गाडी ढकलत खाली आणली तेव्हा म्हात्रेने मला शहाळं दिलं आणि सामंतांना काही विचारलं नाही.

त्यानंतर फटफटीवर जुनी चादर पडली. सामंत कारखान्यात बसने जाऊ लागले. आमच्याकडे एक पाहुणा नवी कोरी स्कूटर घेऊन आला, सामंत तिच्या शेजारून सरळ चालत गेले. मला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या बोटाची मला सवय झाली होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. वहिनींनी सगळ्या इमारतीला बोलावलं होतं. मला आणि सामंतांना बायकांनी गॅलरीत काढून दिलं. तिथून पुढचं दार दिसत होतं. बायका एकेक करून येत होत्या. आधी चपला, मग पदर, मग "अगं बाई, साडी नवी वाटतं", मग "तुम्ही आधी", "छे, तुम्ही". दारात नुसता खोळंबा. वहिनी हाताला धरून एकेकीला आत घेत होत्या. खोली भरायला अर्धी संध्याकाळ गेली.

आणि इतक्यात खालच्या चौकातून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं."

तिळगूळ हातात, वाण काखेत, सगळ्या बायका त्याच दारातून एकदम बाहेर. कुणी कुणाला "तुम्ही आधी" म्हणालं नाही. बघता बघता खोली रिकामी, मधोमध वहिनी अत्तरदाणी घेऊन एकट्या उभ्या.

सामंत त्या दाराकडे बघत राहिले. बराच वेळ त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, हे त्यांच्या लक्षात नसावं.

"दार तेच," ते हळूच म्हणाले. "जोगळेकर, दार तेच आहे. आतून रेटा असला की जायला मोठं दार लागतच नाही. मोठं लागतं ते येणाऱ्याला." त्यांचा आवाज चढला. "जळलेला धूर रेटा घेऊनच निघतो. नव्या हवेला मात्र बाबापुता करून आत बोलवावं लागतं. आणि मी मेल्याने तिची जागा खाऊन धुराला महादरवाजा बांधला."

रविवारी ते कुर्ल्याच्या भंगारातून दुसरं हेड घेऊन आले. या वेळी एक्झॉस्टचा वाल्व बेताचा ठेवला, पहिल्यापेक्षाही किंचित लहान. आत येणारा वाल्व मोठा केला. एक्झॉस्टच्या पोर्टाचा तळ तसाच ठेवून फक्त छत उचललं आणि वळणावरची धार गोल केली. उदबत्तीचा धूर असा गेला, जणू त्याला कुणी बोट धरून नेलं. मी गहू आणि वरवंट्यासकट वळण पार करून वर देवळापर्यंत गेलो तेव्हा उतरल्यावर आधी देवीला नव्हे, वरवंट्याला हात जोडले.

पुढच्या मंगळवारी सामंतांनी मला रजा काढायला लावली. मी वळणावर उभा राहायचं, साक्षीदार म्हणून. मी उभा राहिलो. खालून आवाज आला, भरदार, न अडखळणारा. सामंत हँडलवर वाकलेले, दात घट्ट. मागे वहिनी, हिरवी साडी, मांडीवर ओटीची पिशवी. वळणावर आवाज जरा खाली आला, आणि फटफटी तशीच वर निघून गेली. वहिनींनी मला जाता जाता हात केला. खाली म्हात्रे दोन्ही हात वर करून उभा होता. "बरा चरली रं गारी," एवढंच मला ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

मी चालत वर पोचलो तेव्हा वहिनी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना दम लागलेला नव्हता. मला लागला होता.

"किती पटकन आलो हो," त्या म्हणाल्या. "एरवी मी उतरले की उरलेला चढ मला चालायला लागायचा. हे पुढे जायचे नाहीत. पहिल्या गिअरमध्ये, माझ्या पावलाला पाऊल लावून गाडी चालवायचे. मी म्हणायचे, जा की पुढे, वर थांबा. तर म्हणायचे, गाडी याहून जोरात जातच नाही. बिचारी गाडी. आज बघा."

त्या ओटीची पिशवी घेऊन आत गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. एवढी वर्षं सामंतांच्या शेजारी काढल्यावर इतकं मलाही कळत होतं. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन चढावर माणसाच्या चालीने रांगवलं की त्याला वारा लागत नाही, ते आतल्या आत भाजतं, आणि सगळ्यांत आधी जळतो तो एक्झॉस्टचा वाल्व. आणि मागे कुणी नसताना ती फटफटी जुन्या हेडवरसुद्धा तो चढ एका दमात चढली असती.

सामंत गाडीपाशी उकिडवे बसून बोटावरची काजळी निरखत होते.

"सामंत," मी म्हणालो, "तुम्ही नुसते पुढे जाऊन वर थांबला असतात तर एकही वाल्व जळला नसता."

"माहीत आहे," ते म्हणाले. बोट त्यांनी पँटला पुसलं. "रस्त्यावर ट्रकवाले असतात. तिला एकटीला कसं चालू द्यायचं?"

आत वहिनींनी घंटा वाजवली. सामंतांनी देवळाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला सांगू नका हां. तिला वाटतं, गाडीच जात नव्हती."