खडकओढा रुग्णालय बंद न पडल्याचा इतिहास

खडकओढ्याचे लोककल्याण रुग्णालय कायमचे बंद पडले आहे. असे काहीही घडलेले नाही.

संस्था बंद पडत नसते. ती उघडायची राहते, एवढेच. शिवाय माण तालुक्यातल्या आमच्या गावात एक जुना आणि अतिशय शास्त्रशुद्ध नियम आहे: ज्याचा कार्यक्रम झाला नाही, ते घडलेच नाही. आधी शाल, श्रीफळ, फेटा, माईकवर वर्गणी देणाऱ्या मुंबईकरांचे आभार; मग घटना. याच नियमामुळे रुग्णालय समितीचे अध्यक्ष लालासाहेब यांचे चिरंजीव वीरधवल अजून दहावी नापास झालेले नाहीत. (सत्कार ठेवला नव्हता.)

रुग्णालय मात्र रीतसर झाले. गावाने श्रमदान केले, सुट्टीवर आलेल्या फौजींनी भिंती उचलल्या आणि उद्घाटने झाली चार: इमारतीचे, खाटांचे, पाण्याच्या टाकीचे आणि पाण्याचे. (शेवटच्या दोहोंच्या मध्ये तीन उन्हाळे गेले.) डॉक्टर आले, त्यांचा सत्कार झाला. मग भावकीनिहाय सत्कार झाले. सुरुवातीला तर डॉक्टर फेटा बांधूनच नाडी बघत. पुढे ते सामान आणायला म्हणून आपल्या गावी गेले, किल्ली खिशात घेऊन. त्याला बरीच वर्षे झाली. सामान जास्त असावे. निरोप समारंभ झाला नसल्याने ते अद्याप सेवेत आहेत.

मध्यंतरी काही नतद्रष्टांनी सुचवले, की बंद तर बंद म्हणा, म्हणजे सरकारकडे दुसरा दवाखाना मागता येईल. लालासाहेबांनी हे उदार मनाने मान्य केले आणि समारोपासाठी प्रमुख पाहुणे शोधायला घेतले. एका पुढाऱ्याने ‘आम्ही शुभकार्यालाच येतो’ असे कळवले. दुसऱ्याने तारीख दिली. कार्यक्रम कसला ते कळल्यावर परत घेतली. तिसरे तयार होते, पण बंद केल्यावर लगेच त्यांच्याच हस्ते पुन्हा उद्घाटन करावे, अशी त्यांची अट होती.

असे सगळे सुरळीत चालले असताना सोपान आणि बनाबाई यांच्या सुनेला, नीलिमाला, भर दुपारी कळा सुरू झाल्या. नवरा कपिल शिरवळच्या कंपनीतून रजा काढून आलेलाच होता. त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला.

“तुमच्या घराशेजारीच रुग्णालय दिसतंय की,” पलीकडून आवाज आला.

“आवं, त्ये बंद हाय!”

“तशी नोंद नाही. तिथं न्या. पुढं पाठवा म्हणाले, तर गाडी सोडतो.”

नीलिमाला रुग्णालयाच्या पायरीपर्यंत आणले. दाराला कुलूप. लालासाहेब धावत आले.

“दादा, एवढं फोनवर सांगा, बंद हाय म्हणून,” कपिलने हात जोडले.

“मी कसं सांगू गड्या? पावना न्हाई ठरला आजून.”

“आवं, माजी सून मरंल हितं!” बनाबाई ओरडल्या. “पोराचं डोस्कं दिसाय लागलंय, आनि तुमी पावना हुडकताय व्हय?”

बायांनी घोंगड्याचा आडोसा धरला. नीलिमा ओरडत होती. मग ओरडायची थांबली. लालासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

मग पोर रडले. मुलगी. दोघी वाचल्या.

समितीची तातडीची बैठक त्याच संध्याकाळी झाली. दाखल: एक. प्रसूती: एक. यश: शंभर टक्के. (तेही डॉक्टर रजेवर आणि दार बंद असताना.) असा निकाल मोठमोठ्या शहरांतल्या दवाखान्यांचा लागत नाही. सबब समारोपाचा विषय एकमताने रद्द, आणि नीलिमाचा पायरीवरच सत्कार.

“पोरी, तू आपल्या रुग्णालयाला जीवदान दिलंस!” लालासाहेब गहिवरून म्हणाले.

“आनि मला कुनी द्यायचं हुतं?” नीलिमाने विचारले.

(हा मुद्दा वेळेअभावी आभारप्रदर्शनात घेता आला नाही.)

आता एकच अडचण उरली आहे. गावातल्या गरोदर बाया सातव्या महिन्यातच माहेरी पळतात, म्हातारी माणसे कराडच्या लेकीकडे मुक्काम हलवतात, त्यामुळे शंभर टक्क्यांची परंपरा पुढे न्यायला रुग्णच मिळत नाहीत. आपणांस हे वाचताना हसू आले असेल, तर आपल्या घराजवळचा दवाखाना उघडा असणार. तरी आपणांस नम्र विनंती, की आपले पुढचे दुखणे, शक्यतो जिवावरचे, आमच्या पायरीवर आणून संस्थेस सहकार्य करावे.